चामड्याचं पोट आणि माणसाची घाई

चंद्रपूर जिल्ह्यात कातडीच्या रंगावर सगळ्यांत बारीक नजर ठेवणारं खातं म्हणजे वनखातं. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात जागोजागी लावलेल्या कॅमेऱ्यांतून वाघांचे फोटो येतात आणि अंगावरचे पट्टे ताडून हा वाघ कोणता ते ठरवलं जातं. एका वाघाचे पट्टे दुसऱ्याशी जुळत नाहीत. एवढंच कशाला, एकाच वाघाची डावी कूस त्याच्याच उजव्या कुशीशी जुळत नाही. हे पट्टे नुसते केसांपुरतेही नसतात. उपचारासाठी डॉक्टरांनी वाघाचे केस भादरले तर खालच्या कातडीवरही तीच नक्षी दिसते. म्हणजे निसर्गाने स्वतः रंगवलेलं हे कातडं पहिल्या प्रतीचं विषम आहे, आणि ते पाहण्यासाठी माणसं मुंबई-पुण्याहून येतात, पैसे भरतात, पहाटे उठून उघड्या जिप्सीत कुडकुडतात. त्यांच्यापैकीच एखादे गृहस्थ परतताना हस्तकलेच्या दुकानात शिरतात, चामड्याची पिशवी उजेडाकडे धरतात आणि म्हणतात, "इथं जरा फिक्कट वाटतंय हो. सगळीकडे एकसारखा रंग नाही का यात?" हा प्रश्न वाघाला कोणी विचारत नाही. कारण उघड आहे.

चामड्याला एकसारखा रंग देणं ही हस्तकलेतली फार जुनी डोकेदुखी आहे. नवशिके त्यासाठी रंगाला दोष देतात, जुनेजाणते हवेला देतात आणि गिऱ्हाईक कारागिराला देतं. यात चामड्याचं म्हणणं कोणी ऐकून घेत नाही. ते ऐकलं तर असं लक्षात येतं की जो रंग चामड्याच्या आत मुरतो तो त्या जनावराचा सगळा इतिहास बरोबर घेऊनच मुरतो, आणि जो रंग अगदी एकसारखा दिसतो तो बहुधा आत गेलेलाच नसतो, वरच बसलेला असतो. तेव्हा तक्रार करण्याआधी आपल्याला नक्की काय हवंय, आत गेलेला रंग की वर बसलेला, हे ज्याने त्याने ठरवावं. दोन्ही एकदम मागणाऱ्याला चामडं कळलेलं नाही, हे माझं म्हणणं. आणि त्याला पुरावा खुद्द चामड्याचाच आहे.

कातडं चुन्याच्या हौदात पडलं की केस जातात, त्यांच्याबरोबर वरची पातळ सालही जाते आणि जनावराचा मूळ रंग तिच्याबरोबर संपतो. गाय काळी होती की कपिला, याला पुढे काही अर्थ उरत नाही. इथवर समता आहे. पण त्या सालीखाली जे उरतं ते म्हणजे तंतूंचं विणकाम, आणि ते ठिकठिकाणी वेगळं. पाठीवर घट्ट, पोटाकडे सैल, मानेवर सुरकुतलेलं. सैल पोट रंग घटाघटा पितं आणि गडद होतं. घट्ट पाठ घोट घोट घेते आणि फिकी राहते. त्यात हे जनावर जंगलाकडेने चरलेलं. गडचिरोलीतली गाय गोठ्यात बसून कडबा खाणारी नव्हे. ती दिवसभर रानात फिरते, काट्यांनी ओरबाडून घेते, गोचिडांना आसरा देते. आजारी पडली की तिला तापल्या लोखंडाचे डाग दिले जातात, आणि बैल असेल तर त्याच्या पुठ्ठ्यावर पराणीच्या टोचण्यांची कायमची नोंद होते. जखम भरलेल्या जागी नवी कातडी येते खरी, पण तिला केसांची छिद्रं नसतात, तंतूंची वीणही निराळी असते. तिथे रंग एकतर कमी चढतो नाहीतर भलताच चढतो. गंमत अशी, की पोळ्याच्या दिवशी जिवंत बैलाच्या अंगावर आपण हौसेने गेरूचे ठिपके काढतो, हाताचे ठसे उठवतो, आणि तोच बैल गेल्यावर त्याच्या चामड्यावर नखाएवढा ठिपका दिसला की भाव पाडून मागतो.

याहून बारीक नोंद मरणाची असते. जनावर आपल्या मरणाने मेलं आणि ते सोलायला उशीर झाला, तर रक्त शिरांमध्येच राहतं, आणि कमावलेल्या चामड्यावर त्या शिरांचं जाळं झाडाच्या फांद्यांसारखं उमटतं. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तिथे काही तासांचा उशीर झाला तरी कातडं कुजायला लागतं आणि कुजल्या जागी वरचा थर उखडतो. कितीही भारी रंग आणा, तो या जागा झाकत नाही, उलट अधोरेखित करतो. शेजारच्या वर्ध्यात नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी गांधीजींच्या प्रेरणेने चर्मालय चालवलं, ते मेलेल्या जनावरांच्या कातड्यावर. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी मेलेली जनावरं सोलण्याचं काम स्वतःच्या हाताने केलं. या मंडळींचा भर कातडं कसं आणि किती लवकर सोललं जातं यावर असे, आणि तो योग्यच होता. रंगाची निम्मी लढाई रंगाची बाटली उघडण्याच्या कितीतरी आधी, गावाबाहेरच्या माळावर, सुरीच्या पहिल्या फटक्यालाच जिंकलेली किंवा हरलेली असते. बाटलीवर छापलेल्या सूचना वाचणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही, कारण बाटलीवर सुरी सोडून बाकी सगळं छापलेलं असतं.

आता रंगाकडे येऊ. झाडपाल्याने कमावलेलं चामडं कोरं नसतंच. कमावतानाच त्याला एक रंग लागलेला असतो. बाभळीची साल त्याला तांबूस करते, हिरडा पिवळसर ठेवतो, तरवडाची साल फिक्कट. वाळलेल्या हिरड्यात साधारण ३० टक्के तुरट द्रव्य असतं, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात हिरडा आहे, बेहडा आहे, तुरट सालीचा ऐनही आहे. (याच ऐनावर टसरचे किडे पोसले जातात, म्हणजे एकच झाड रेशीमवाल्यांचंही आणि कातडीवाल्यांचंही.) हिरड्याचा रंग उन्हात बराच टिकतो, बाभळीचा मात्र ऊन लागेल तसा लाल होत जातो. त्यामुळे बाभळीच्या चामड्याची चप्पल तुम्ही अगदी एकसारखी रंगवून दिलीत, तरी दोन महिन्यांत अंगठ्याखालचा भाग एक, पट्ट्याखालचा दुसरा आणि उघडा भाग तिसरा असं त्रिराज्य तिथे स्थापन होणारच. रंगाऱ्याचं काम संपल्यावर सूर्य काम सुरू करतो, आणि त्याच्याकडे तक्रार नोंदवायची सोय नाही.

या जंगलात तुरट झाडांइतकीच दुसरी एक संपत्ती आहे, ती म्हणजे लोखंड. एटापल्ली तालुक्यातलं सूरजागड, चंद्रपूर जिल्ह्यातलं लोहारा, ही नावंच खनिजाची. जंगलातला हिरडा आणि डोंगरातलं लोखंड चामड्यावर भेटले की क्षणात काळं होतं. हिरडा आणि हिराकस (म्हणजे लोखंडाचाच क्षार) यांची काळी शाई आपल्याकडे करत, ती याच गुणावर. कापड छापणारे कारागीर गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून काळा रंग करतात. तेच पाणी झाडपाल्याने कमावलेल्या चामड्यावर फिरवलं की तेही काळंभोर होतं. काळा हा चामड्यावर त्यातल्या त्यात निमूटपणे एकसारखा बसणारा रंग, तो असा फुकटात मिळतो. पण हीच दोस्ती न बोलावता झाली की सत्यानाश. ओल्या चामड्यावर कानशीचा चिमूटभर चुरा उडाला, लोखंडी घमेल्यात रंग कालवला, ज्या हापशाचं पाणी भांड्याला तांबूस थर धरतं त्याच पाण्याने चामडं भिजवलं, की सकाळी त्यावर काळ्या ठिपक्यांची पुरळ उठलेली असते. मग "रंगच बोगस निघाला" असा निकाल लागतो आणि दुकानदार दुसऱ्या कंपनीची बाटली विकतो. घमेलं मात्र तेच राहतं.

एवढं सगळं चामड्यावर ढकललं तर माणसाच्या वाट्याला काही उरतं का? भरपूर उरतं, आणि त्याचं नाव घाई. चामडं रंग नाकारतं असा बहुतेकांचा समज असतो. खरं पाहता ते अधाशासारखा ओढून घेतं. कोरड्या चामड्यावर रंगाने गच्च भरलेला बोळा टेकवला की जिथे टेकला तिथेच सगळा रंग आत जातो, आणि बोळा पुढे सरकेपर्यंत निम्मा रिकामा झालेला असतो. म्हणून आधी ओल्या फडक्याने चामड्याची तहान भागवायची, वरचा तेलकटपणा पुसून काढायचा, रंग पातळ करायचा, आणि एका गडद हाताऐवजी चार फिके हात द्यायचे, प्रत्येक हात आधीच्याला आडवा. ज्यांनी कधी शेणाने अंगण सारवलं असेल त्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. आधी पाणी शिंपडायचं, मग अर्धगोल हात असा टाकायचा की आधीच्या हाताची कड ओली असतानाच पुढचा हात तिच्यावर चढेल. कड वाळली की सांधा दिसलाच. झाडीपट्टीतली कोणतीही म्हातारी ही गोष्ट पदवी न घेता जाणते. फरक इतकाच, की स्पिरिटात कालवलेला रंग शेणाच्या दसपट वेगाने वाळतो, आणि मे महिन्याच्या दुपारी चंद्रपुरात तर बोळा बाटलीतून चामड्यापर्यंत पोचेतो निम्मं स्पिरिट स्वर्गवासी झालेलं असतं. तेव्हा रंगकाम पहाटे करावं. पावसाळ्यात उलटं, तेव्हा चामडं आधीच ओलसर असतं, तेही एका कडेने, आणि दुसऱ्या कडेने बुरशी आपला स्वतंत्र रंग घेऊन हजर असते.

घाईचा हा नियम कारखान्यालाही सुटलेला नाही. १८८४ साली न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झने क्रोम वापरून कातडी कमावण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि महिन्यांचं काम दिवसांवर आलं. आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमचंच, आणि कमावून निघतं तेव्हा ते फिकट निळं असतं. या चामड्याला रंगाचं इतकं आकर्षण, की मोठ्या फिरत्या पिंपात रंग ओतला रे ओतला की तो वरच्यावरच पकडला जातो, जिथे पहिल्यांदा भिडला तिथे. म्हणून कारखानदार आधी चामड्याची आम्लता मारतात, रंगाला आत शिरायला वेळ देतात, आणि तो आत पोचल्यावरच आम्ल घालून त्याला पक्का करतात. आम्ल लवकर पडलं तर शेकडो कातडी एकदम चट्टेरी. म्हणजे लाखो रुपयांचं पिंप आणि रसायनशास्त्राचा पदवीधर ठेवून कारखाना शेवटी तेच करतो: आधी थांबतो, मग पक्कं करतो. घरी रंगवणारा आधी पक्कं करतो आणि मग थांबतो, डाग आपोआप जाईल या आशेवर.

यावर पहिला आक्षेप धंद्याचा येतो, आणि तो रास्त आहे. पोट आणि पाठ यांचं तत्त्वज्ञान ठीक आहे, पण गिऱ्हाईक एक चप्पल घेत नाही, जोड घेतं. डावी गव्हाळी आणि उजवी चॉकलेटी निघाली तर "जनावराचा इतिहास" म्हणून ती कोणाच्या गळ्यात मारायची? "भाऊ, दोन्हीचा रंग जुळत नाही जी," असं गिऱ्हाईक म्हणालं, तर "उजव्या पायाला ऊन जास्त लागते जी," हे उत्तर एकदाच चालतं. मान्य. पण इथे दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते आहे. एकसारखा असणं आणि जुळता असणं या दोन वेगळ्या मागण्या आहेत. जोडीला दुसरी हवी असते. दोन्ही तुकडे त्याच कातड्याच्या पाठकण्याच्या दोन बाजूंनी, समोरासमोरून कापले, रापी चालवण्याआधी सबंध कातडं एकदम रंगवलं, आणि पोटाकडचा भाग अस्तराला नाहीतर पट्टीला वापरला, तर जोड जुळतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं. त्या आठांत विदर्भातला एकही जिल्हा नाही, तरी शिकण्यासारखं पुष्कळ आहे. कोल्हापुरी नैसर्गिक रंगावर आणि तेलावर उभी आहे. २०२५ साली मिलानच्या मंचावर तिच्यासारख्याच चपला घालून पुरुष चालले आणि भारतात गदारोळ उठला, तो श्रेय कोणाचं यावरून. पाठीचा रंग पोटाशी का जुळत नाही, असं तेव्हा कोणी विचारलं नाही.

दुसरा आक्षेप शोरूमचा. तिथली पिशवी तर आरपार एकसारखी असते, आणि ती चामड्याचीच असते, तसं लेबल असतं. लेबल खरं बोलतं, पण पूर्ण बोलत नाही. ओरखडे असलेल्या कातड्याचा वरचा थर यंत्राने घासून काढतात. मग त्यावर रंगद्रव्य आणि प्लास्टिकच्या जातीचा चिकट पदार्थ यांचा लेप फवारतात. असं केल्यावर ते चामडं चामड्यासारखं दिसत नाही, म्हणून तापलेल्या साच्याने त्यावर छिद्रांची आणि सुरकुत्यांची नक्षी दाबतात. म्हणजे देवाने दिलेली छिद्रं घासून काढायची आणि माणसाने काढलेली छिद्रं त्या जागी बसवायची, या व्यवहाराला प्रगती म्हणतात. यापुढचा मजला असा, की एकसारख्या रंगाला कंटाळलेल्या श्रीमंत गिऱ्हाइकासाठी त्याच लेपावर कडेकडेने गडद फवारा मारून "जुनाट" विषमता तयार केली जाते आणि तिला जास्त पैसे लावले जातात. गरिबाच्या चपलेवरचा चट्टा हा दोष आणि श्रीमंताच्या बुटावरचा चट्टा ही शैली. दोघांत फरक पाहायला गेलं तर किमतीच्या चिठ्ठीचा तेवढा.

तिसरा आक्षेप सगळ्यांत टोकदार. असं सगळं मान्य केलं तर प्रत्येक आळशी कारागीर ओघळ आणि डाग दाखवून "हे चामड्याचं चरित्र आहे" म्हणायला मोकळा. नाही, मोकळा नाही. कारण हाताचा डाग आणि चामड्याचा डाग वेगळे ओळखता येतात. चामड्याचा फरक हळूहळू बदलतो, त्याला धारदार कड नसते, तो पोटाच्या दिशेने गडद होत जातो, किंवा शिरेच्या, सुरकुतीच्या वाटेने चालतो. हाताचा फरक सरळ पट्ट्यात असतो, त्याला वाळलेली कड असते, थेंबाचा गोल असतो, कधी अंगठ्याचा ठसाच असतो. पहिला जनावराच्या जन्माचा, दुसरा माणसाच्या दुपारच्या झोपेचा. पहिल्यासाठी पैसे कापणं अन्याय, दुसऱ्यासाठी न कापणं मूर्खपणा. आणि फिका पिवळा किंवा निळा रंग निवडून वर एकसारखेपणाही मागणाऱ्याने हेही लक्षात ठेवावं, की चट्टे सगळ्यांत जास्त उघडे पडतात ते याच रंगांवर. गडद तपकिरी मात्र सगळ्यांचं झाकून घेतो.

या सगळ्यात एक गोष्ट विनोदाची नाही. कातडं सोलणं, कमावणं, शिवणं ही कामं महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींवर टाकलेली होती. ती करणाऱ्यांच्या हातांवर चढलेला रंग समाजाने डाग मानला, आणि त्याच हातांनी चमकवलेला बूट घालून समाज सभ्य ठरला. चामड्यात एकसारखेपणाचा इतका आग्रह धरणाऱ्यांना माणसांतली विषमता शेकडो वर्षं खुपली नाही, ही नोंद रंगाच्या चर्चेत व्हायला हवी. आजही तासाभराच्या घासाघिशीत गिऱ्हाईक जे शंभर रुपये कापून घेतं ते बहुतेक वेळा पोटाच्या रंगाचे असतात, आणि ते जातात कारागिराच्या पोटातून.

तेव्हा पुढच्या वेळी चामड्याची वस्तू घेताना उजेडाकडे धरून रंग तपासू नका. बाहेरच्याच बाजूला, सहज न दिसणाऱ्या कोपऱ्यात, बोटाने पाण्याचा एक थेंब टेकवा. थेंब मुरला आणि तिथे ओला डाग पडला, तर रंग बहुधा आत आहे, आणि त्याच्या चढउताराबद्दल कारागिराशी घासाघीस करू नका. थेंब मोत्यासारखा वरच बसला, तर वर मेण नाहीतर लेप आहे; लेप असेल तर एकसारखेपणाची हमी आहे, पण किंमत लेपाची द्या, चामड्याची नको. आणि ज्यांना दोन्हीकडून, सगळीकडून, कायमचा एकसारखाच रंग हवा असेल त्यांनी खुशाल रेक्झिन घ्यावं. ते स्वस्त आहे, धुता येतं, आणि त्याला पोट नसतं.